छोटं सोशल नेटवर्क चालवताय? वय तपासणीच्या कायद्यांचं काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

भाड्याच्या एका सर्व्हरवर मॅस्टोडॉन (स्वतःचं ट्विटरसारखं नेटवर्क चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) किंवा तसलंच काहीतरी टाकून दोनशे-पाचशे लोकांचं छोटं नेटवर्क चालवणाऱ्या प्रत्येक अ‍ॅडमिनला गेल्या वर्षभरात हा प्रश्न पडून गेलाय, की आता आपल्यालाही मेंबरांचे आयडी आणि सेल्फी मागायला लागणार का? थोडक्यात उत्तर असं की बहुतेकांना नाही लागणार. पण म्हणून "आपण एवढेसे, आपल्याला कोण विचारतंय" असं म्हणून झोपून जायचं असंही नाही, कारण यातल्या बऱ्याच कायद्यांत छोट्यांना सरसकट सूट दिलेलीच नाहीये, सुक्याबरोबर ओलंही जळतंय. कायदे लिहिले गेले मेटा-टिकटॉककडे बघून, आणि लागू होतात नोकरी सांभाळून रात्री अकरा वाजता मॉडरेशन करणाऱ्या माणसालाही.

मी वकील नाही. खाली जे आहे ते एका अ‍ॅडमिनने दुसऱ्या अ‍ॅडमिनला सांगावं तसं आहे, आणि रोख मुख्यतः मॅस्टोडॉनवर आहे कारण आपल्याकडे छोटं नेटवर्क म्हटलं की लोक बहुधा तेच टाकतात.

आधी काय करायचं नाही ते

मेंबरांना "आधारचा फोटो पाठवा, मी बघतो आणि डिलीट करतो" असं कधीही सांगू नका. पासपोर्ट नको, लायसन्स नको, हातात कागद धरून सेल्फी तर नकोच नको. घाबरून पहिल्यांदा हेच सुचतं आणि सगळ्यात जास्त नुकसान यातच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपने जाहीर केलं की त्यांच्या कस्टमर सपोर्टचं काम बघणाऱ्या बाहेरच्या एका कंपनीतून साधारण ७०,००० युजर्सच्या सरकारी आयडीचे फोटो फुटले असावेत, आणि त्यातले बरेचसे फोटो लोकांनी वयाबद्दलचं अपील करताना पाठवलेले होते. त्याआधी जुलै २०२५ मध्ये टी नावाच्या बायकांसाठीच्या अ‍ॅपमधून साधारण ७२,००० फोटो बाहेर आले, त्यातले १३,००० च्या आसपास व्हेरिफिकेशनसाठी दिलेले सेल्फी आणि आयडी होते. डिस्कॉर्डकडे पैसा आहे, सिक्युरिटीची टीम आहे, तरी हे झालं. तुमच्याकडे काय आहे? एक व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) आणि बॅकअप घेणारी एक स्क्रिप्ट, आणि त्या बॅकअपमध्ये तुम्ही "डिलीट केलेला" फोटो पुढचे कित्येक आठवडे तसाच पडून असतो.

जो डेटा आपल्याकडे नाहीच तो फुटत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणजे आयडी न मागता कायद्यात कसं बसायचं.

कुणाचा कायदा लागतो ते बघा

तुमचा सर्व्हर जर्मनीतल्या डेटा सेंटरमध्ये आहे की मुंबईत, याने फार फरक पडत नाही. मेंबर कुठे राहतात त्यावर सगळं ठरतं. मराठी मंडळींचं नेटवर्क असेल तर चित्र साधारण असं असतं, बरेचसे पुणे-मुंबई-नाशिक, काही गोव्यातले, थोडे लंडनकडचे, थोडे मेलबर्न-सिडनीचे, आणि अमेरिकेत न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया असे विखुरलेले. म्हणजे एवढ्याशा नेटवर्कवर चार-पाच कायदे.

हे शोधायला प्रत्येकाचं लोकेशन नोंदवून ठेवायचं नाही, तो पुन्हा नवीन डेटा झाला. वेब सर्व्हरच्या लॉगमधून देशवार ढोबळ आकडा काढा आणि कागदावर लिहा, किंवा सरळ एक पोल टाका, कोणकोणत्या देशात आहात म्हणून. तेवढं बास.

मग त्या आकड्यांसमोर प्रत्येक देशासाठी तीनच प्रश्न: छोट्यांना सूट आहे का, वय सगळ्यांचं तपासायचंय की ठरावीक गोष्टींपुरतं, आणि कागदपत्रं काय ठेवायची. देशादेशांत इथेच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ब्रिटन: इथे खरा अभ्यास आहे, पण वाटतं तेवढं भयंकर नाही

ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्ट २०२३ चा. त्यातली बेकायदा कंटेंटची बंधनं १७ मार्च २०२५ पासून लागू झाली आणि मुलांच्या सुरक्षेची २५ जुलै २०२५ पासून. बघणारी संस्था ऑफकॉम. दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उत्पन्नाच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल ते, हा अर्थात कमाल आकडा आहे, पण हौसेने चालवणाऱ्या माणसाने तो वाचला की पोटात गोळा येतोच. लंडनच्या सायकलवाल्यांची एलएफजीएसएस नावाची जुनी कम्युनिटी होती, एकच माणूस ती आणि तिच्यासारख्या अजून कितीतरी छोट्या कम्युनिटी चालवायचा. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने जाहीर केलं की कायदा लागू व्हायच्या आदल्या दिवशी, १६ मार्चला, सगळं बंद करतोय. कारण वय तपासायची मशिनरी नव्हती असं नाही, एवढी जोखीम स्वतःच्या नावावर घ्यायची ताकद नव्हती. पुढे मेंबरांपैकी काहींनी जबाबदारी उचलली आणि एलएफजीएसएस चालू राहिली. हॅमस्टर पाळणाऱ्यांची एक साइट मात्र बंदच पडली आणि त्यांनी लोकांना इन्स्टाग्रामवर या म्हणून सांगितलं. मुलांना मोठ्या प्लॅटफॉर्मपासून वाचवायला केलेल्या कायद्याने लोकांना मोठ्या प्लॅटफॉर्मवर ढकललं, यावर काय बोलायचं.

तर आता काम. पहिलं, तुम्हाला कायदा लागतो का ते बघा. एका युजरने टाकलेलं दुसऱ्याला दिसत असेल तर तुम्ही त्यात येता, मग तुम्ही कंपनी असा की एकटे. ब्रिटनशी संबंध असायला हवा, म्हणजे तिथले युजर लक्षणीय संख्येने असायला हवेत किंवा ब्रिटन तुमचं टार्गेट असायला हवं (तिथल्या लोकांना गंभीर धोका असेल असं काही असलं तरी येता, पण ती वेगळीच जमात). लक्षणीय म्हणजे किती याचा आकडा कायद्यात नाही. पाचशेत तीन जण लंडनचे असतील आणि सगळं मराठीत पुण्या-मुंबईबद्दल चाललेलं असेल तर "आमचा संबंध नाही" असं म्हणायला जागा आहे, पण तसं का वाटतं ते तारखेसकट लिहून ठेवा. ईमेल, एसएमएस, आणि मालकाच्या स्वतःच्या लेखाखाली फक्त प्रतिक्रिया एवढंच असलेल्या सेवा यातून वगळल्यात.

दुसरं, लागत असेल तर बेकायदा कंटेंटचं रिस्क असेसमेंट लेखी करायचं. ऑफकॉमने १७ प्रकार दिलेत, दहशतवाद, मुलांचं लैंगिक शोषण, फसवणूक वगैरे, आणि प्रत्येकासमोर आपल्याकडे याची शक्यता किती आणि का ते लिहायचं. त्यांच्याच साइटवर त्यासाठीची फुकट ऑनलाइन टूल्स आहेत, प्रश्न विचारत विचारत पुढे नेतात, एखादा रविवार द्या, होतं. खरं लिहा. "शून्य धोका" असं सतरा वेळा लिहिलेला कागद बघून कुणाचंही समाधान होत नाही, त्यापेक्षा "डायरेक्ट मेसेजमधून फसवणूक होऊ शकते, तक्रार आली तर आम्ही अमुक करतो" हे जास्त पटतं.

तिसरं म्हणजे मुलांबद्दलचं पहिलं असेसमेंट, यात दोन पायऱ्या आहेत. मुलं तुमच्याकडे येऊ शकतात का? पक्की वय तपासणी लावलेली नसेल तर उत्तर "येऊ शकतात" असंच द्यावं लागतं, "आमच्या नियमांत १८+ लिहिलंय" हे चालत नाही. मग दुसरी पायरी: मुलं खरंच लक्षणीय संख्येने येतात का किंवा येतील असं काही आहे का? निवृत्त बँकवाल्यांचं किंवा जीएसटी सल्लागारांचं नेटवर्क असेल तर इथेच सुटलात, कारणं लिहा आणि दर वर्षी परत बघा. क्रिकेट, अ‍ॅनिमे, मीम्स असलं काही असेल तर मात्र सुटका नाही, मग तीन महिन्यांच्या आत मुलांसाठीचं रिस्क असेसमेंट करावं लागतं.

आणि आता सगळ्यात कामाचा मुद्दा, जो बऱ्याच अ‍ॅडमिनांना माहीतच नसतो. त्या कायद्यात पक्की वय तपासणी, म्हणजे चेहरा स्कॅन, फोटो आयडी, क्रेडिट कार्ड, बँकेमार्फत, मोबाइल कंपनीमार्फत असले प्रकार, ही मुख्यतः अशा नेटवर्कला सक्तीची आहे जिथे चार प्रकारचा कंटेंट चालू दिलेला असतो: पॉर्न, आत्महत्येला, स्वतःला इजा करण्याला, किंवा खाण्याच्या विकारांना उत्तेजन देणारं काही. तुम्ही तुमच्या नियमांत हे चारही प्रकार *सगळ्यांसाठी* बंद केले, आणि खरोखर काढून टाकत असाल, तर त्यासाठी कुणाचा चेहरा स्कॅन करायची सक्ती उरत नाही. म्हणजे एक नीट लिहिलेलं नियमांचं पान आणि जागरूक मॉडरेटर यांच्या जोरावर तुम्ही त्या सगळ्या लफड्यातून बाहेर राहता.

यात एक गोची आहे ती मात्र समजून घ्या. मॅस्टोडॉनवर दुसऱ्या सर्व्हरवरचा कंटेंट तुमच्या लोकांच्या टाइमलाइनवर येतो आणि त्यातल्या फोटो-व्हिडिओची कॉपी तुमच्या सर्व्हरवर साठते. "ते आमच्या मेंबरने टाकलं नव्हतं" हे उत्तर पुरत नाही. त्यामुळे नियमांत पॉर्न बंद म्हणायचं आणि फेडरेशनमधून, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या सर्व्हरांवरून, ते धो धो येऊ द्यायचं असं करू नका, ज्या सर्व्हरवर तेच चालतं ते डोमेन ब्लॉक करा, जिथे फक्त मीडियाचा त्रास आहे तिथे रिजेक्ट मीडिया (तिथले फोटो-व्हिडिओ न घेण्याचं सेटिंग) लावा. इतर अ‍ॅडमिनांच्या तयार ब्लॉकलिस्ट मिळतात, पण डोळे झाकून इम्पोर्ट करू नका, त्यात कुणाची तरी जुनी भांडणं पण असतात.

आत्महत्येबद्दल बोलणं आणि आत्महत्येला उत्तेजन देणं यातला फरक नियमांत स्पष्ट लिहा. एखादा मेंबर रात्री "फार त्रास होतोय" असं लिहितो, त्याला तुम्ही कायद्याच्या भीतीने उडवून लावलंत तर काय मिळवलंत?

मिसिसिपी: कधी कधी दार बंद करणं हाच उपाय

अमेरिकेत राज्याराज्याचं वेगळं आहे, आणि बरेच कायदे कोर्टात अडकलेत त्यामुळे आज चालू उद्या बंद असं होतं. मिसिसिपीचा एचबी ११२६ हा त्यातला सगळ्यात गाजलेला. १४ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो तूर्त थांबवायला नकार दिला, तोही न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी हा कायदा बहुधा घटनाबाह्य ठरेल असं लिहिलेलं असताना, आणि साधारण आठवडाभराने ब्लूस्काय या ट्विटरसारख्या नेटवर्कने अख्खं मिसिसिपी ब्लॉक केलं. ब्रिटनमध्ये त्यांनी वय तपासणी लावली होती, मग इथे का नाही? फरक हा की ब्रिटनमध्ये वय सिद्ध न केलेला माणूस ब्लूस्काय वापरू शकत होता, फक्त अ‍ॅडल्ट कंटेंट आणि डीएम बंद. मिसिसिपीत *प्रत्येक* युजरचं वय तपासायचं, १८ खालच्यांसाठी पालकांची परवानगी आणायची, आणि कोण मूल आहे याची नोंद ठेवायची. दंड एकेका उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत. ब्लूस्कायने सांगितलं की आमची टीम छोटी आहे, हे आम्हाला झेपणार नाही. ड्रीमविड्थ या जुन्या नेटवर्कनेही तेच केलं. मॅस्टोडॉनच्या संस्थेने सांगितलं की वय तपासायची साधनं आमच्याकडे नाहीत आणि प्रत्येक सर्व्हरवाल्याने आपापलं ठरवावं. म्हणजे चेंडू तुमच्या कोर्टात.

तुमच्या नेटवर्कवर मिसिसिपीतलं कोणीच नसेल (बहुधा नसेलच) तर माझं मत सरळ आहे, त्या राज्यातून नवीन साइनअप बंद करा आणि विषय संपवा. तत्त्वाची लढाई लढायला तिकडे नेटचॉइससारख्या संघटना आहेत, त्यांच्याकडे वकील आहेत.

ब्लॉक कसा करायचा: साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरची सेवा वापरत असाल तर देशानुसार नियम टाकणं सोपं आहे, एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये जिओआयपीचा (आयपीवरून ठिकाण सांगणारा) डेटाबेस जोडूनही होतं. देश पातळीवर हे बऱ्यापैकी अचूक असतं, राज्य पातळीवर मात्र बोंब. ब्लूस्कायने ब्लॉक लावला तेव्हा मिसिसिपीच्या बाहेरचेही लोक अडकले, कारण मोबाइल कंपन्या ट्रॅफिक कुठून कुठून फिरवतात. त्यामुळे अख्खी साइट ब्लॉक करण्यापेक्षा फक्त साइनअपचं पान ब्लॉक करणं छोट्यांना बरं पडतं, चुकून अडकलेला माणूस निदान ईमेल तरी करू शकतो. ब्लॉक केलेल्यांना कोरी एरर दाखवू नका. एचटीटीपीचा ४५१ नंबरचा कोड नेमका यासाठीच आहे, कायद्यामुळे उपलब्ध नाही असं सांगणारा, तो द्या आणि खाली दोन ओळी लिहा, कोणत्या कायद्यामुळे आणि संपर्क कुठे करायचा. "व्हीपीएन लावून या" असं मात्र स्वतःच्या पानावर लिहू नका, मनात कितीही आलं तरी. ब्रिटनच्या बाबतीत ऑफकॉमने हे उघड सांगितलंय की प्लॅटफॉर्मने तसं उत्तेजन देता कामा नये.

ऑस्ट्रेलिया आणि युरोप, भरभर

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर अकाउंट बंद केलं. सुरुवातीला जी दहा नावं घेतली गेली ती सगळी मोठी: फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, किक, ट्विच. दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. व्याख्येत आकाराची अट नाही, पण अपेक्षा "वाजवी पावलं" उचलण्याची आहे, आणि तुमच्या आकाराला वाजवी काय हे वेगळं असू शकतं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: सरकारी आयडी हा एकमेव पर्याय म्हणून मागायला तिथे मनाई आहे, आणि वयासाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करावी लागते. आयडी गोळा करू नका हे मी म्हणत होतो ते तिथे बऱ्याच अंशी कायद्यातच आहे. छोट्याने काय करावं, तर साइनअप मंजुरीवर ठेवावं, नियमांत ऑस्ट्रेलियातल्या १६ खालच्यांना प्रवेश नाही असं लिहावं, आणि शाळकरी मूल आहे असं दिसलं की अकाउंट बंद करून त्याची नोंद ठेवावी.

युरोपियन युनियनमध्ये त्यातल्या त्यात शहाणपणा आहे. तिथल्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टच्या मुलांच्या संरक्षणाच्या कलम २८ मधून ५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाला १ कोटी युरोपर्यंत उलाढाल असलेल्या संस्थांना वगळलंय. म्हणजे तुम्ही सुटलात. जीडीपीआर हा तिथला डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण तो आधीपासून आहे.

भारत: मे २०२७ आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका

आपल्याकडे "वय तपासणी कायदा" अशा नावाचं काही नाही, म्हणून लोक निवांत आहेत. पण डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट २०२३ चं कलम ९ बघा. तिथे मूल म्हणजे १८ वर्षांखालचं कोणीही, आणि त्याचा डेटा घ्यायच्या आधी पालकांची पडताळता येईल अशी परवानगी लागते. अकाउंट उघडलं म्हणजे डेटा घेतलाच. म्हणजे अकरावीतला पोरगा तुमच्या गड-किल्ल्यांच्या नेटवर्कवर ट्रेकचे फोटो टाकायला आला तर त्याच्या आई-बाबांची परवानगी, आणि ते खरंच आई-बाबा आहेत, निदान सज्ञान आहेत, याची खातरजमा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये नोटिफाय झाले आणि मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. मुलांबद्दलच्या कलमांच्या उल्लंघनाला दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

"स्टार्टअपना सूट आहे ना?" हा प्रश्न हमखास येतो. कलम १७ मध्ये सरकार काही संस्थांना, स्टार्टअपसकट, सूट देऊ शकतं असं आहे खरं, पण ती सूट कोणकोणत्या कलमांपुरती ते नीट वाचा, त्या यादीत कलम ९ नाहीये. वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी केलेल्या गोष्टींना कायदा लागत नाही, त्यामुळे चुलत-मावस भावंडांपुरता सर्व्हर असेल तर चिंता नाही. पण कोणीही येऊन साइनअप करू शकतो अशा चारशे जणांच्या नेटवर्कला घरगुती म्हणणं अवघड आहे, कितीही घरोबा असला तरी.

पालकांची खातरजमा कशी करायची ते नियम १० मध्ये आहे. पालक आधीच तुमचे मेंबर असतील आणि त्यांच्या वय-ओळखीची खात्रीशीर माहिती तुमच्याकडे असेल तर ती चालते, नाहीतर डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून मिळणारं टोकन चालतं. टोकनची कल्पना चांगली आहे, कारण कागद तुमच्याकडे येतच नाही, फक्त "हो, सज्ञान आहे" एवढं येतं. पण हे सगळं जोडून घेणं एकट्या अ‍ॅडमिनला कितपत जमेल? म्हणून मला विचाराल तर सध्या तरी मोठ्यांपुरतं नेटवर्क ठेवा, १८ पूर्ण असलेल्यांनाच अकाउंट. मनाला पटत नाही हे, कारण सोळा-सतरा वर्षांची पोरंच असल्या ठिकाणी सगळ्यात भारी काम करतात, बग शोधतात, भाषांतरं करतात. त्यांना बाहेर ठेवायचं आणि मग तरुण पिढी मराठीत लिहीत नाही म्हणून गळे काढायचे. पण २०० कोटींच्या धमकीसमोर एकट्या माणसाने शौर्य दाखवावं असं मी सांगणार नाही.

नियमांतल्या उदाहरणांत मूल स्वतःच सांगतं की मी लहान आहे, आणि मग पुढची प्रक्रिया सुरू होते. म्हणजे प्रत्येकाचा कागद बघा असं तिथे लिहिलेलं नाही. पण कोणी प्रोफाइलमध्ये "इयत्ता नववी" लिहिलंय आणि तुम्ही तिकडे कानाडोळा केलात, तर "आम्हाला माहीत नव्हतं" हे कुणाला पटणार नाही.

अजून एक, मुलांचं ट्रॅकिंग आणि टार्गेटेड जाहिराती यांना कलम ९ मध्ये थेट बंदी आहे. तुम्ही म्हणाल आम्ही कुठे जाहिराती दाखवतो. पण साइनअपच्या पानावर गुगल अ‍ॅनालिटिक्सचा तुकडा कधीतरी उत्साहात चिकटवलेला असतो ना, तो काढा. आजच काढा, त्याचा तुम्हाला तसाही काही उपयोग नाही.

सेटिंग्ज आणि कागद

मॅस्टोडॉन ४.४ पासून, म्हणजे जुलै २०२५ पासून, अ‍ॅडमिनला किमान वय ठरवता येतं. साइनअप करताना जन्मतारीख विचारली जाते, तपासली जाते आणि साठवली जात नाही. साठवत नाही हे उत्तम. ब्रिटनच्या लेखी ही पक्की तपासणी नाही, कोणीही १९९० टाकू शकतं, पण ज्या ठिकाणी चेहरा स्कॅनची सक्ती नाही तिथे एवढं तरी करा. त्याच आवृत्तीपासून टर्म्स ऑफ सर्व्हिस वेगळ्या लिहिता येतात, तिथे वयाची अट आणि ते चार बंद प्रकार टाका, मराठीत टाका आणि इंग्रजीतही टाका, कारण ऑफकॉमवाल्याला मराठी येत नाही.

साइनअप "मंजुरीनंतर" या मोडवर ठेवा आणि का यायचंय ते दोन ओळीत विचारा. स्पॅम तर थांबतोच, पण माणसाच्या दोन ओळींतून पोरगं आहे की मोठं हे बऱ्याचदा कळतं. मंजुरी देणारे निदान दोघं असावेत, एकाला ताप आला म्हणून रांग अडकू नये.

बाहेरची वय तपासणी कंपनी लावायचीच असेल, म्हणजे तुम्ही अ‍ॅडल्ट कंटेंट चालू देता आणि ब्रिटनमध्ये राहायचंय, तर करारात एवढं बघा: तुमच्याकडे फक्त हो किंवा नाही येतं का, ते चेहऱ्याचा फोटो किती वेळ ठेवतात, आणि अपील कोण बघतं. डिस्कॉर्डचं घोडं अपीलमध्येच अडलं होतं. चेहरा बघून वय ओळखणारी यंत्रं फसतातही, २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटनमधल्या लोकांनी व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून तपासणी पार केली होती.

मग एक फोल्डर करा. त्यात रिस्क असेसमेंट, मुलांचं असेसमेंट, देशवार आकडे, नियमांच्या जुन्या प्रती, आणि एक साधी शीट ज्यात कुठली तक्रार कधी आली, काय केलं, किती वेळात. मेंबरचं खरं नाव त्यात लिहायचं नाही. तक्रारीसाठी एक ईमेल साइटवर ठळक ठेवा आणि तो खरंच रोज बघा. भारतात आयटी नियम २०२१ प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, ते तुम्हीच असाल तर घरचा पत्ता टाकू नका, वेगळा ईमेल वापरा.

नियामकाकडून पत्र आलं तर उत्तर द्या. हे वेगळं सांगायचं कारण, ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑफकॉमने फोरचॅन या अमेरिकन फोरमला २०,००० पौंड दंड लावला तो माहिती मागितल्यावर दिली नाही म्हणून, आणि पुढे उत्तर येईपर्यंत, फार तर ६० दिवस, रोजचे १०० पौंड वेगळे. फोरचॅन अमेरिकेत कोर्टात गेलंय, त्यांचं ते बघून घेतील, तुम्ही मात्र स्पॅम फोल्डरही अधूनमधून चाळत जा.

झेपत नसेल तर

बंद करणं हाही पर्याय आहे, त्यात लाज नाही. पण रात्रीत बंद करू नका. मॅस्टोडॉनच्या सर्व्हर करारात बंद करायच्या आधी निदान तीन महिने सांगायचं असं आहे, तुम्ही त्यात नसाल तरी तेच पाळा. आधी मेंबरांना विचारा कोणी चालवायला घेतंय का, एलएफजीएसएस तशीच वाचली. कोणी नाहीच मिळालं तर लोकांना त्यांचं आर्काइव्ह डाउनलोड करायला सांगा, फॉलो आणि ब्लॉकच्या सीएसव्ही फाइल्स घ्यायला सांगा, आणि अकाउंट दुसऱ्या सर्व्हरवर हलवायला सांगा. हलवताना फॉलोअर जातात, जुन्या पोस्ट जात नाहीत, हे तीनदा सांगा कारण दोनदा सांगितलेलं कोणी वाचत नाही. सगळे हलले की डोमेन सोडायच्या आधी सर्व्हरवर टूटसीटीएलची (मॅस्टोडॉनचं कमांड लाइन टूल) सेल्फ-डिस्ट्रक्ट कमांड चालवा, ती बाकी सगळ्या सर्व्हरना कळवते की इथली अकाउंटं गेली. ती लगेच संपत नाही, रांग रिकामी होईपर्यंत सर्व्हर चालू ठेवावा लागतो, त्यामुळे व्हीपीएसचं भाडं अजून एक महिन्याचं भरून ठेवा.